२२३ घरं आणि एक विहीर

आजच्या भागात आम्ही तुम्हाला एक जुना हिशेब सांगणार आहोत. तो छापून आला त्याला शंभर वर्षं झाली, पण हिशेब आहे एका खेड्यातल्या घरांचा. गटाची हजेरी आणि वसुलीचा तक्ता ज्या लिहितात, त्यांना तो सहज कळेल. हाताशी वही असेल तर आकडे टिपून घ्या. थोडेच आहेत.

खेडं आपल्याच देशातलं. तिथे पटकीची साथ आली होती. पटकी म्हणजे कॉलरा. आपल्या पणज्या तिला मरीआईचा फेरा म्हणायच्या. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे. उलट्या-जुलाब सुरू झाले की धडधाकट माणूस एका दिवसात जायचा. माणसं घाबरायची ती उगीच नाही.

या खेड्यात घरं होती २२३. कुणीतरी घरोघरचा आकडा मांडून ठेवला. १६८ घरांत एकही जण आजारी पडला नाही. ३२ घरांत एकेक जण, १६ घरांत दोघं-दोघं, ६ घरांत तिघं-तिघं आणि एका घरात चौघं आजारी पडले. बेरीज करून पाहा, सगळे मिळून ८६ रुग्ण होतात.

एवढ्या पाच आकड्यांतून काय कळतं? वरवर पाहिलं तर एवढंच, की साथ आली, ५५ घरांना लागली आणि बाकीची वाचली. वाचली त्यांचं नशीब बरं, किंवा त्यांच्यावर देवीची कृपा. पण अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक नावाच्या एका डॉक्टरांनी या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्यांनी काय केलं ते आपण घरातल्या वस्तू घेऊन समजून घेऊ.

समजा, अंगणात २२३ वाट्या मांडल्या आणि डोळे मिटून ८६ ज्वारीचे दाणे त्यांच्यावर उधळले. कुठला दाणा कुठे पडेल ते सांगता येत नाही. पण किती वाट्या रिकाम्या राहतील, कितींत एक दाणा पडेल आणि कितींत दोन, याचा अंदाज गणिताने बांधता येतो. तो अंदाज असा निघतो: सुमारे १५२ वाट्या रिकाम्या, ५८-५९ वाट्यांत एकेक दाणा, ११ वाट्यांत दोन-दोन, जेमतेम एका वाटीत तीन, आणि चार दाण्यांची वाटी बहुधा एकही नाही.

आता हे खेड्याच्या आकड्यांशी ताडून पाहा. एकच रुग्ण असलेली घरं ५८ हवी होती, प्रत्यक्षात ३२. दोन किंवा जास्त रुग्णांची घरं १३ च्या आसपास हवी होती, प्रत्यक्षात २३. रिकामी घरं १५२ हवी होती, प्रत्यक्षात १६८. म्हणजे दाणे सगळ्या वाट्यांवर सारखे पडलेले नाहीत. काही घरांवर दाट पडले आणि काही घरांकडे फिरकलेच नाहीत.

असं का झालं असेल? चटकन मनात येणारं उत्तर म्हणजे घरातल्या एकाला झाला आणि त्याच्याकडून दुसऱ्याला लागला. ते शक्य होतं. मॅकेंड्रिक यांनी दुसरीही एक शक्यता तपासली. २२३ च्या २२३ घरांवर दाणे पडतच नसतील तर? काही घरं मुळात धोक्याच्या टप्प्यातच नसतील तर?

ते तपासायला त्यांनी रिकाम्या घरांची ओळ बाजूला ठेवली. एक, दोन, तीन आणि चार रुग्णांची घरं यांचं आपसातलं प्रमाण घेतलं आणि गणिताला विचारलं, की हे प्रमाण यायचं असेल तर दाण्यांखाली मुळात किती वाट्या असायला हव्यात? उत्तर आलं ९३. आता ९३ वाट्यांवर ८६ दाणे उधळले तर काय होईल? एकेक दाण्याच्या ३४ वाट्या, दोन-दोनच्या १६, तीन-तीनच्या ५, चार दाण्यांची एक, आणि रिकाम्या ३७. खेड्यातले आकडे होते ३२, १६, ६ आणि १. अंदाज आणि वस्तुस्थिती जवळजवळ एकावर एक बसली. घरातल्या घरात लागण झाली असं धरावंही लागलं नाही.

यावरून मॅकेंड्रिक यांनी तर्क लिहिला, की रोग बहुधा पाण्यातून आला असावा, गावात बऱ्याच विहिरी असाव्यात, आणि त्यातल्या एका बिघडलेल्या विहिरीचं पाणी सुमारे ९३ घरं पीत असावीत. मग गावात चौकशी झाली. तेव्हा खरोखरच अशी एक विहीर निघाली, जिच्यावर वस्तीतले ठरावीक लोक पाणी भरत होते.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. या हिशेबातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती रिकाम्या घरांची. १६८ घरांत कुणी आजारी नव्हतं. पण ती सगळी घरं एकसारखी नव्हती. त्यातली सुमारे १३० घरं दुसरीकडचं पाणी पीत होती, त्यांना धोकाच नव्हता. उरलेली ३७-३८ घरं त्याच खराब विहिरीचं पाणी पीत होती. त्यांच्यावर दाणा अजून पडला नव्हता, एवढंच. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घरं सारखीच निरोगी दिसणार. पण उद्या कुठल्या घरातली बाई आजारी पडू शकते, हे जाणायचं असेल तर ती ३७ घरं ओळखायला हवीत. फक्त आजाऱ्यांची यादी करून ती कळत नाहीत. आजारी नसलेल्यांचीही नोंद लागते, आणि कोण कुठून पाणी भरतं याचीही.

आणि पाणी भरतं कोण? ते सांगायला गणित नको.

हे मॅकेंड्रिक होते कोण? ते स्कॉटलंडचे. १८७६ साली एडिंबरा शहरात जन्म. डॉक्टर होऊन ते हिंदुस्थानातल्या सरकारी वैद्यकीय सेवेत आले. हिमाचलातल्या कसौलीला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर इलाज करणारी पाश्चर संस्था होती, तिचे ते काही वर्षं संचालक होते. पुढे प्रकृती बिघडल्याने १९२० साली ते मायदेशी परतले. पटकीचा हा हिशेब त्यांनी १९२६ साली एडिंबराच्या गणित मंडळाच्या नियतकालिकात छापला. त्याच निबंधात लोकांचं वय लक्षात घेऊन हिशेब कसा मांडावा, याचंही गणित होतं. लहान मूल, कामाला जाणारा माणूस आणि म्हातारं माणूस यांना रोग सारखा लागत नाही. आज साथीची गणितं करणारे लोकसंख्या वयाप्रमाणे वाटून घेतात, त्याची सुरुवात तिथे आहे.

डॉक्टरांना गणिताची गोडी लागली ती रोनाल्ड रॉस यांच्यामुळे, असं सांगतात. १९०१ साली दोघं हिवतापाच्या कामासाठी आफ्रिकेत सिएरा लिओनला बरोबर गेले होते. रॉस यांचं नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. हिवताप डासांमुळे पसरतो हे त्यांनी १८९७ साली सिकंदराबादला शोधलं आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. लोक त्यांना म्हणायचे, अहो, सगळे डास मारणं कुणाला जमणार? मग डबकी बुजवून काय उपयोग? रॉस यांनी गणिताने उत्तर दिलं. माणसं एकीकडे आणि डास दुसरीकडे, असे दोन गट त्यांनी मांडले आणि दाखवलं, की डास संपवायची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की हिवताप आपोआप ओसरत जातो. 'सगळं जमणार नाही म्हणून काहीच नको' या म्हणण्याला त्यांनी आकड्यांनी खोटं पाडलं. हौदावर झाकण आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, हे आपण पाळतो त्यामागे तीच गोष्ट आहे.

मॅकेंड्रिक यांना एडिंबराला एक साथीदार भेटला, विल्यम केरमॅक. ते रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. वय अवघं २६. तरी त्यांनी काम सोडलं नाही. या दोघांनी १९२७ साली साथीच्या गणिताचा जो निबंध लिहिला, तो आजही जगभर शिकवतात. आणि त्यात ताडून पाहायला घेतलेले आकडे होते आपल्या मुंबईचे.

मुंबईत प्लेग आला १८९६ साली. तिथून तो पुण्यात आणि पुढे गावोगाव गेला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना तो झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यानंतरही प्लेग वर्षानुवर्षं येत राहिला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत दर आठवड्याला किती माणसं प्लेगने दगावली, याची नोंद होती. आधी थोडी, मग आठवड्याला शेकडो, मग पुन्हा कमी. आकडे कागदावर मांडले तर डोंगरासारखी रेघ दिसते. एक चढ, एक माथा, एक उतार.

दोघांनी विचारलं, साथ चढते का, आणि सगळ्यांना गिळायच्या आत उतरते का? त्यांनी लोकांचे तीन भाग केले. पहिला, ज्यांना रोग अजून झालेला नाही. दुसरा, जे आत्ता आजारी आहेत. तिसरा, जे त्यातून सुटले, मग बरे होऊन असोत की दगावून. माणसं पहिल्या भागातून दुसऱ्यात जातात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात.

समजा, एक आजारी माणूस दोघांना रोग देतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. असं वाढत जातं. पण जसजसे दिवस जातात, तसतशी आजाऱ्याला भेटणारी माणसं आधीच होऊन गेलेली निघू लागतात. निम्म्या लोकांना होऊन गेला, की दोघांऐवजी एकालाच रोग देता येतो. तिथे चढ थांबतो आणि उतार लागतो. शेवटी काही माणसं अशी राहतात, ज्यांना रोग होतच नाही. त्यांच्या अंगात काही विशेष नसतं. त्यांच्यापर्यंत पोचणारी वाटच तुटलेली असते. लस याच कामाला येते. माणसाला आजारातून न नेता ती त्याला तिसऱ्या भागात नेऊन बसवते.

त्यांच्या गणिताची रेघ मुंबईच्या आकड्यांवर छान बसली. पण रेघ बसली म्हणजे कारण सापडलंच, असं नाही. प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांमधून पसरायचा. उन्हाळा तापला की पिसवा कमी व्हायच्या. त्यामुळे मुंबईत प्लेग दरवर्षी हिवाळ्यात चढायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरायचा. त्या वर्षीची साथ उतरली, त्यात ऋतूचाही मोठा हात होता. आपलं गणित इथे पुरतं लागू पडत नाही, हे त्या दोघांनीही लिहिलं होतं. पटकीच्या खेड्यात मात्र गणितानंतर कुणीतरी जाऊन विहीर पाहिली. गणित सांगतं कुठलं दार ठोठवायचं ते. दार ठोठवावंच लागतं.

१९२७ हे साल आपल्याकडे आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवतात. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं आणि हजारो माणसांनी त्यांच्यामागून ओंजळ भरली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता, पण पाणी मिळत नव्हतं. हा लढा माणुसकीचा होता. साथीच्या हिशेबाकडे पाहतानाही तो विसरून चालत नाही. ज्या काळात कोणी कुठल्या विहिरीवर जायचं हे जातीवरून ठरायचं, त्या काळात कुणाला कुठला रोग होणार हेही बरंचसं तिथेच ठरून जायचं. 'त्यांच्याकडेच साथ येते, त्यांची राहणीच तशी,' असं म्हणणं सोपं. पण विहीर वाटून दिली होती कुणी?

म्हणून आम्ही म्हणतो, साथ 'गावात' येते हे बोलणं अर्धवट आहे. गाव म्हणजे एका ताटातला भात नाही. गावात घरं आहेत, वाड्या आहेत, पाणवठे आहेत, शाळा आहे, मजुरीला एकाच टेम्पोतून जाणाऱ्या बायकांच्या टोळ्या आहेत. रोग या वाटांनी चालतो. अख्ख्या गावाची सरासरी काढली की या वाटा झाकल्या जातात.

गोवराचं उदाहरण घ्या. गोवर फार लवकर पसरतो. कुणालाच लस दिलेली नसेल तर गोवर झालेलं एक मूल १२ ते १८ जणांना तो देतं. मधला आकडा १५ धरू. साथ थांबवायची तर त्या पंधरांतल्या चौदा जणांना संरक्षण हवं, म्हणजे एकाकडून फार तर एकालाच जाईल. पंधरात चौदा म्हणजे शंभरात ९३-९४. म्हणूनच शंभरातल्या ९५ मुलांना गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस मिळावेत असं सांगतात. पहिला ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत.

आता समजा एका गावात ४०० मुलं आहेत आणि ३८० जणांचे डोस पूर्ण आहेत. हिशेब बरोबर ९५ टक्के. कागदावर गाव पास. उरलेली २० मुलं गावभर विखुरलेली असतील, तर प्रत्येकाच्या भोवती लस घेतलेली मुलं आहेत आणि गोवराची वाट तुटते. पण तीच २० मुलं एका तांड्यावर शेजारी-शेजारी राहत असतील, आई-बापांबरोबर सहा महिने कारखान्याच्या कोप्यांवर जात असतील, लसीच्या दिवशी गावात नसतील, तर? त्या वीस जणांत एक रुग्ण आला की गोवर सगळ्यांना गाठू शकतो. टक्केवारी दोन्हीकडे ९५ च. एका गावात साथ येत नाही, दुसऱ्यात येते. फरक आहे तो मुलं कुठे, कुणाजवळ राहतात याचा.

हे सगळं आम्ही आज का सांगतोय? कारण असा हिशेब ठेवायची ताकद आज गावात सर्वांत जास्त बायकांच्या हातात आहे. आशाताई, अंगणवाडीताई, आरोग्यसेविका आणि आपले गट. कुठल्या घरात किती माणसं, कोण बाहेरगावी, कुणाकडे बाळंतीण, हे आपल्याला न विचारता ठाऊक असतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. अनेक गावांत ते किट कपाटात पडून असतं. ते बाहेर काढायला हवं.

आमची सूचना साधी आहे. ग्रामसंघाच्या वहीत एक पान घरांचं करा. घर क्रमांक, माणसं किती, पिण्याचं पाणी कुठून. नळ, कोणती टाकी, कोणती विहीर, कोणता हातपंप. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळं असेल तर दोन्ही लिहा. एवढं पान तयार असलं, की गॅस्ट्रोचे पहिले तीन रुग्ण दिसताच त्यांचा पाणवठा एकच आहे का, हे पाच मिनिटांत कळेल. एक असेल तर तिथलं पाणी पिणारी बाकीची घरं, ती अजून आजारी न पडलेली ३७ घरं, त्याच दिवशी सांगून सावध करता येतील. पाणी उकळून प्या, टीसीएल पडेपर्यंत तिथलं पिऊ नका, जुलाब लागले तर साखर-मीठ-पाणी देत दवाखाना गाठा. ग्रामपंचायतीकडे जाताना 'आमच्याकडे आजार पसरलाय' असं म्हणण्यापेक्षा 'या टाकीवरच्या घरांत इतके, बाकी घरांत शून्य' असं लिहून नेलं, तर टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. ही वही कुणाला वाळीत टाकायला नाही. २०२० साली मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच माणसांकडे गावांनी कसं पाहिलं, ते आपण विसरलेलो नाही. वहीत नाव दिसलं की बोट माणसाकडे जातं. आपलं बोट विहिरीकडे जायला हवं, टाकीकडे, चुकलेल्या डोसाकडे. आजाऱ्याचं नाव चारचौघींत वाचायचं नाही. घर क्रमांक पुरे.

पुढच्या मासिक बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं या पानाला द्या. ज्या घरात कुणी आजारी नाही, तिथे ओळ मोकळी सोडू नका, शून्य लिहा. खेड्यातली ती विहीर सापडली, ती कुणीतरी १६८ घरांपुढे शून्य लिहून ठेवलं होतं म्हणून.

तुमच्या गटाने पान तयार केलं की आम्हाला कळवा. पावसाळ्याआधीच्या भागात आपण ती पानं घेऊन बोलू. नमस्कार.